शालूताईच्या अडकणाऱ्या प्लेटा

शालूताई गाण्याची तबकडी घेण्याआधी ती वाजवून बघत नसे. ती तबकडी दोन्ही तळव्यांत कडेने धरायची, दुकानातल्या ट्यूबलाइटकडे तिरकी करायची, एक डोळा बारीक करायची आणि दुकानदाराला विचारायची, "ही कुठे पडली होती?" दुकानदार घाईघाईने सांगे, छे मॅडम, एकदम नव्यासारखी आहे, एक ओरखडा दाखवा. मग ती तबकडी हळूच परत ठेवायची आणि म्हणायची, "ओरखडा नाही? मग राहू द्या."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही त्याची फिरकी घेतेय. चोरबाजारातला तो दुकानदारही माझ्याकडे बघत होता, घरी यांची काळजी घेणारं कोणी आहे का, अशा नजरेने.

शालूताई आमच्या लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून राहते. लग्न केलं नाही. परळच्या एका मोठ्या इस्पितळात एक्स-रेच्या प्लेटा काढण्यात तिची सगळी नोकरी झाली, म्हणून गाण्याच्या तबकडीलाही ती प्लेटच म्हणते. मी तिच्याकडे अभ्यासाला जायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे अभ्यासाला शांतता लागते हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. शालूताईने एकदा मला गॅलरीत पुस्तक घेऊन बसलेली पाहिलं आणि आपल्या खिडकीजवळचं टेबल मोकळं करून दिलं. ती निवृत्त होईपर्यंत तिथे खरंच शांतता होती. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात त्या खोलीत इतकी गाणी वाजली की माझं अर्थशास्त्र आजही मला ढोलकीच्या ठेक्यावर आठवतं. ही तक्रार नाही. त्या वर्षी मी जितकी हसले तितकी आधी कधी हसले नव्हते.

तिचं एक पालुपद होतं. एक्स-रे काढताना पेशंटला सांगतात ना, श्वास घ्या, रोखा, सोडा. ते तिच्या तोंडात कायमचं बसलं होतं. दूध उतू जायला आलं की दुधाला सांगायची, रोखा. माझा निकाल मोबाईलवर उघडत नव्हता तेव्हा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "श्वास घे. रोख." पान उघडायला इतका वेळ लागला की मला घेरी यायची बाकी होती. मग पास असं दिसलं आणि ती शांतपणे म्हणाली, "सोड."

तर हे तबकड्यांचं वेड सुरू कसं झालं ते सांगायला हवं. ते मला नीट जमेल की नाही शंका आहे, कारण त्यात एक गाणं आहे आणि गाणं कागदावर येत नाही.

आमच्या चाळीत हळदीला बायका एक गाणं म्हणतात. 'अंगणात मांडव, मांडवात चौक, चौकात बसली राणी ग.' इथे आल्यावर सगळ्याजणी 'राणी ग, राणी ग, राणी ग' असं तीनदा म्हणतात, मग एकदम जमिनीवर पंजा आपटतात, धप्प, आणि लगेच पुढची ओळ घेतात, 'उंबऱ्यावरती माप सांडलं, घरात आली लक्ष्मी ग.' लहानपणापासून मी ते असंच ऐकलं. त्या धप्पसाठी आम्ही पोरी पुढे जाऊन बसायचो. गाणं सांगायचा मान तळमजल्यावरच्या बायमावशीचा. ती आता ऐंशीच्या घरात आहे, पण आवाज असा की वरच्या मजल्यावरची कबुतरं उडतात. तिच्याशिवाय चाळीत एकाही मुलीला हळद लागलेली नाही.

शालूताईच्या भावाची मुलगी मयुरी, तिचा साखरपुडा चाळीतच झाला. मुलगा गिरगावातला, जहाजावर नोकरीला. तो वर्षभराने परत आला की लग्न, असं ठरलं. साखरपुड्यात हौसेने बायकांनी तेच गाणं धरलं. धप्प झाल्यावर मुलाची आई, म्हणजे विहीणबाई, हसल्या. त्या वाईट नव्हत्या, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. गळ्याने चांगल्या होत्या आणि बोलायला मोकळ्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या गाण्यात एक ओळ गळते बरं का. आणि ते हात आपटणं कशाला? लग्न आहे, कुस्ती नाही." सगळे हसले. शालूताईचा भाऊ सर्वांत मोठ्याने हसला, कारण तो मुलीचा बाप. विहीणबाईंनी असंही सांगितलं की हळदीला त्या मोबाईलवर बरोबर गाणं लावतील, म्हणजे सगळ्यांना शिकता येईल.

बायमावशी हसली नाही. तिने पदर नीट केला आणि खाली निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने निरोप पाठवला की मयुरीच्या हळदीला ती गाणं सांगणार नाही. यापुढे कोणाच्याच नाही. मयुरी रडली. म्हणाली, मावशी गाणार नसेल तर मला हळदच नको, सरळ कोर्टात जाऊन सही करते. घरात दोन तट पडले.

त्या दुपारी शालूताईने मला सांगितलं की गाण्यात चूक नव्हतीच. तिच्या लहानपणी चाळीतल्या सगळ्या लग्नांना पेडणेकरांचा लाऊडस्पीकर यायचा आणि त्यांच्याकडे हळदीची एकच प्लेट होती. ती 'राणी ग'वर अडकायची. पेडणेकरांचा माणूस तीन वेळा वाट बघायचा, मग टेबलावर पंजा मारायचा, की सुई उडी मारून पुढे. चाळ गाणं त्या प्लेटवरून शिकली. जसं वाजलं तसं शिकली. मग चूक कोणाची?

"ती प्लेट शोधते," ती म्हणाली, "आणि विहीणबाईंच्या पुढ्यात लावते. बायमावशीने एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही, हे त्यांना ऐकू दे."

लोक आपलं बरोबर होतं हे सिद्ध करायला धडपडतात. आपली चूक अस्सल होती हे सिद्ध करायला निघालेली बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

पेडणेकरांचा धंदा कधीच बंद झाला होता. त्यांचं सामान भंगारात, भंगारातून रद्दीत, रद्दीतून कुठे गेलं कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा शालूताईने एक जुना रेकॉर्ड प्लेअर घेतला, पाण्याची बाटली आणि लाडू भरलेला डबा पिशवीत टाकला आणि मुंबईतल्या जुन्या लाऊडस्पीकरवाल्यांच्या प्लेटा विकत घ्यायला सुरुवात केली. मयुरीच्या साड्या बघायला हिंदमात्याला जायची आणि साडीऐवजी प्लेटा घेऊन यायची. भायखळ्याला भाजी आणायला गेली की भाजी विसरायची. तिची वहिनी, म्हणजे मयुरीची आई, म्हणाली, आता लग्नात मुलीला तबकड्याच नेसवा.

हवी ती प्लेट मिळेना, पण दुसऱ्याच मिळत गेल्या. आणि हळूहळू ती त्यांच्यात रमली. गाणं कोणाचं, वाद्यं कोणती याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तिला ती प्लेट कुठे मोडली आहे ते हवं असायचं. दादरच्या एका मंडळाची सत्यनारायणाची प्लेट मिळाली, ती पहिल्या अध्यायातून थेट प्रसादावर जायची. शालूताईने तिथल्या म्हाताऱ्यांना गाठून विचारलं तेव्हा ते लाजत म्हणाले, हो, आमच्याकडे पूजा लवकर आटपायची, म्हणून गर्दीही जास्त असायची. परळच्या एका बँडवाल्याची वरातीची प्लेट एकाच जागी गोल फिरायची. तो म्हणाला, ती लागली की वरात त्या नाक्यावरून हलायचीच नाही, घोडासुद्धा जागच्या जागी नाचायचा. शालूताई घरी येऊन ती प्लेट लावायची, मला पुस्तक मिटायला लावायची, आणि आम्ही दोघी खुर्चीभोवती जागच्या जागी नाचायचो. वहिनी दारातून बघून कपाळाला हात लावून जायची.

ट्यूबलाइटखाली धरून ती निदान करायची. "हेअरलाइन फ्रॅक्चर आहे, वाजेल." "हिला दोन ठिकाणी मोड आहे." "ही गेली, हिच्या घरच्यांना बोलवा."

ही मॅडम फुटक्या प्लेटा मागते, ही बातमी चोरबाजारात पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या खेपेला तोच दुकानदार मोठ्या आदराने पुढे आला. प्लेटांची चळत समोर ठेवून म्हणाला, "देखो मॅडम, एक से एक स्क्रॅच." तिने पहिलीच तिरकी धरली आणि वासही घेतला. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "ये आज सुबह का है. और खिळा नहीं, चाबी से मारा." त्याने खिशातली स्कूटरची किल्ली नकळत चाचपली. मग तो इतका हसला की त्याने चहा मागवला. शालूताईने त्याला समजावून सांगितलं की पडून झालेली मोड वेगळी असते आणि मारून झालेली वेगळी. पडलेली वेडीवाकडी जाते, मारलेली सरळ. इस्पितळात हे बघता बघता तिचे केस पांढरे झाले होते.

त्याच दुकानात तिने वर्षातली एकमेव धड प्लेट घेतली. तेच हळदीचं गाणं, पण न अडकणारं. निदान मूळ गाणं तरी ऐकू, म्हणून मी, ती आणि मयुरी दुपारी बसलो. मयुरी हाताने धप्पची तयारी करूनच बसली होती. 'चौकात बसली राणी ग' झालं, सुई मुकाट्याने पुढे गेली आणि आम्ही कोणीच कधी न ऐकलेली ओळ आली.

'मारलं तरी हसत राहावं, माहेरी सांगू नये ग.'

ढोलकी तशीच आनंदात वाजत होती. मयुरी म्हणाली, पुन्हा लाव. पुन्हा तेच ऐकू आलं. शालूताईने सुई उचलली. ती इतकंच म्हणाली, "आमच्याकडे एक्स-रेला बायका यायच्या ना, त्या सगळ्या जिन्यावरून पडलेल्या असायच्या." मग ती प्लेट तिने कपाटावर उंच ठेवून दिली आणि मला अभ्यासाला बस म्हणाली. मला वाटलं, आता शोध थांबणार. पण त्या दिवसापासून तिला ती मोडकी प्लेट जास्तच हवी झाली.

ती मिळाली त्याला कारण एक गुडघा. भायखळ्याच्या एका म्हाताऱ्या लाऊडस्पीकरवाल्याने बोलता बोलता आपल्या गुडघ्याचा एक्स-रे पाकिटातून काढून तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, मी डॉक्टर नाही, फोटो काढणारी आहे. पण बघितला, आणि कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांगितलं. मग काय, जुने लाऊडस्पीकरवाले एकमेकांच्या ओळखीचे. काखेत एक्स-रेचं पाकीट आणि हातात एखादी प्लेट घेऊन म्हातारे आमच्या चाळीचा जिना चढू लागले. ज्यांचे गुडघे दुखत होते तेच दोन मजले चढून येत होते. शालूताई त्यांना लाडू द्यायची, एक्स-रे आणि प्लेट दोन्ही एकाच ट्यूबलाइटला लावायची, आणि एकदा तर चुकून प्लेटलाच सांगून बसली की पायऱ्या कमी चढा.

त्यांतल्या एकाने पेडणेकरांच्या पेटीचा माग दिला. गिरगावात त्यांचा एक भाचा मखरं बनवायचा. बशीएवढ्या लहान प्लेटा त्याने गणपतीच्या मागे फिरणारी चक्रं करायला वापरल्या होत्या. आम्ही त्याच्या पोटमाळ्याखाली उभ्या होतो आणि तो वरून एकेक चक्र खाली देत होता, सोनेरी कागद लावलेली, कडेला झिरमिळ्या. शालूताई प्रत्येकाची मागची, कागद नसलेली बाजू बघायची. एकाला तिने उलटं केलं आणि थांबली. पेडणेकरांचा शिक्का होता. गाणं आमचं होतं. नशिबाने कागद दुसऱ्या बाजूला होता. तिने मला हळूच सांगितलं, "श्वास घे."

ती घरी पोचेपर्यंत सोड म्हणालीच नाही.

घरी तिने प्लेट लावली. 'राणी ग, राणी ग, राणी ग.' मी टेबलावर पंजा मारला. धप्प. 'उंबऱ्यावरती माप सांडलं.' मी नाचायला उठले होते, पण शालूताई नाचेना. तिने प्लेट काढून ट्यूबलाइटखाली धरली आणि बराच वेळ धरून राहिली. मग म्हणाली, "ही पडलेली नाही."

एकच बारीक ओरखडा होता, सरळ, त्या ओळीच्याच जागी, मागे नाही की पुढे नाही. कोणीतरी मन लावून केलेला.

आम्ही खाली बायमावशीकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. शालूताईने फक्त सांगितलं की पेडणेकरांची प्लेट मिळाली. बायमावशीने कुठे मिळाली, कशी मिळाली, काहीच विचारलं नाही. तांदळातला हात थांबला आणि ती म्हणाली, "कोणाक दाखवलंस?"

मग शालूताई तिच्याजवळ खाली बसली आणि हलकेच म्हणाली, "मावशे, पिन होती ना?"

बायमावशी सांगू लागली. तिची धाकटी बहीण लग्न होऊन गेली तेव्हा हळदीला हेच गाणं लागलं होतं. "तिणा तसांच केल्यान," बायमावशी म्हणाली. "हसत रवली." पुढचं तिने सांगितलं नाही, तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. त्यानंतर चाळीत जी पहिली हळद आली, तेव्हा लाऊडस्पीकरचा माणूस जेवायला बसलेला बघून तिने पदराची पिन काढली. कुठली ओळ कुठे येते हे तिने आधी जवळ उभं राहून बघून ठेवलं होतं. मग आपल्याच गळ्याने तिने ते गाणं सगळ्या चाळीला तसं शिकवलं, हात आपटण्यासकट.

"आणि आता माझ्यामुळा त्या चेडवाक हसले," ती म्हणाली. चेडू म्हणजे पोरगी, आपली मयुरी. "माका कळला नाय तोंड खय लपवू ता. म्हणान गप रवलंय."

एवढंच होतं तिच्या रुसण्यात. आम्ही वर्षभर समजत होतो की तिचा अपमान झाला. ती मात्र स्वतःला गुन्हेगार समजून बसली होती.

शालूताईने तिचे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "मावशे, इतक्या वर्षांत मी सर्जन खूप बघितले. असा हात नाही बघितला." आधी बायमावशीला कळेना रडावं की काय. मग तिला हसू फुटलं आणि तांदळाचं ताट कलंडलं. तिघी जमिनीवर तांदूळ गोळा करत हसत होतो आणि बाहेरून कोणीतरी विचारत होतं, काय झालं, काय झालं.

हे मी लिहू का, असं मी बायमावशीला विचारलं आहे. ती म्हणाली, लिही गो, आता पेडणेकर काय भरपाई मागूक येतले?

हळदीच्या दिवशी विहीणबाई गिरगावातून उष्टी हळद घेऊन आल्या. हातात मोबाईल होता, गाणं तयार होतं. शालूताईने त्यांना मानाने पुढे बसवलं, प्लेअरच्या स्टुलाला अगदी लागून, आणि म्हणाली, आधी आमचं ऐका, मग तुमचं लावू. सुई ठेवली. प्लेटबरोबर बायमावशीने आवाज लावला आणि वर कबुतरं उडाली. 'राणी ग, राणी ग, राणी ग.' सगळ्याजणी धप्पसाठी शालूताईकडे बघू लागल्या, कारण स्टूल तिच्या ताब्यात होतं. शालूताई दोन्ही हात मागे बांधून छताकडे बघत उभी. 'राणी ग, राणी ग, राणी ग.' बायकांना हसू आवरेना, पण गाणं सोडवेना. मयुरी पाटावर हळदीच्या हातांनी तोंड झाकून बसलेली. 'राणी ग, राणी ग.' विहीणबाईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि शेवटी त्यांनाच राहवलं नाही. त्यांनी स्टुलावर असा पंजा मारला की गॅलरीतल्या बादलीचं पाणी हललं.

सुई पुढे गेली. पुढची ओळ विहीणबाईंनीच सगळ्यात आधी उचलली, आणि मोबाईल कोणाच्या तरी पर्समध्ये गेला तो गेलाच. त्यांना ती गळलेली ओळ आठवली की नाही, मला माहीत नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, पण त्या गात होत्या.

मग बायकांची एकमेकींना हळद लावायची धावपळ सुरू झाली. शालूताईला अचानक प्लेटची काळजी वाटली. तिने ती झटकन उचलली, हळदीचा हात लागू नये म्हणून दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि गर्दीतून घराकडे निघाली. हात वर, दोन्ही गाल मोकळे, अडवायला काही नाही. पहिली बोटं बायमावशीची. मग वहिनी, मग मयुरी, मग विहीणबाई, मग मी. कोणीतरी ओरडलं, ताई, उष्टी हळद आहे, आता पुढचा नंबर तुमचा. तिचं कपाळ, कान, गळा, चष्म्याची काच, सगळं पिवळं झालं. तिला जिन्यापर्यंतही जाता येईना. बायकांच्या मधोमध हात वर करून ती गोल गोल फिरत होती, डोळे मिटून हसत होती, आणि पुन्हा पुन्हा एवढंच सांगत होती, मला काय लावायचं ते लावा ग, प्लेट तेवढी सांभाळा.